गव्हाचं भुसकट महागलं, घोडी खोकतेय: घोड्याखाली आता काय अंथरायचं?

प्रश्न फलटण तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचा आहे. घरी दोन जनावरं: एक मारवाडी घोडी आणि एक भीमथडी तट्टू. वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा, बारा बाय बारा फुटांची दोन ठाणं, मध्ये छातीएवढी भिंत. आजवर खाली गव्हाचं भुसकट टाकत आले. यंदा त्याचा भाव परवडेना, आणि घोडी पहाटे व खोगीर चढवून चालवायला घेतली की खोकते. साखर कारखाना जवळ असल्यामुळे बगॅस, म्हणजे उसाचा रस काढल्यावर उरणारा चोथा, स्वस्तात मिळू शकतं. कुणी भाताचं तूस सुचवलं, कुणी वखारीतला लाकडाचा भुसा, कुणी सरळ नदीची वाळू. यातलं काय घ्यावं, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी निर्णय सांगतो, कारणं मागाहून. दोन्ही ठाणांत जाड रबरी मॅट घाला आणि तिच्यावर पाइनच्या लाकडाचा धूळ काढलेला छिलका अंथरा, म्हणजे रंधा मारताना निघणारे पातळ कुरळे पापुद्रे. तो मिळत नसेल तर कोरडा, नव्या हंगामाचा भाताचा पेंढा. बगॅस आणू नका, फुकट मिळालं तरी नाही. आणि तट्टाच्या ठाणातही तेच अंथरा जे घोडीच्या ठाणात. छातीएवढ्या भिंतीवरून धूळ आरामात पलीकडे जाते. खोकणाऱ्या एकाच जनावराचा बिछाना बदलून शेजारी भुसकटच ठेवलं, तर बदलाचा निम्मा उपयोग तिथेच संपतो.

बिछाना निवडताना बहुतेक जण पोत्याचा भाव विचारतात, फार तर किती ओल शोषतो ते बघतात. मी आधी दोन गोष्टी बघतो: त्यावर घोडा आडवा पडतो का, आणि आडवा पडल्यावर त्याच्या नाकात काय जातं.

घोडा उभ्याउभ्या झोपतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते अर्धंच खरं आहे. उभ्याने त्याची हलकी झोप होते. गाढ झोपेचा जो टप्पा असतो, ज्यात स्नायू पूर्ण सैल पडतात, तो त्याला आडवं पडल्याशिवाय मिळत नाही. दिवसाला अर्धा ते एक तास एवढीच त्याची गरज असते, पण ती टळत नाही. कोबा टणक लागतो, पाय घसरतो, खाली ओल असते, म्हणून जो घोडा आडवा पडणं टाळतो तो काही दिवसांनी उभ्याउभ्या पेंगून पुढच्या गुडघ्यांवर कोसळू लागतो. गुडघ्याच्या किंवा मुठीच्या सांध्यावर पुढच्या बाजूने केस गेलेले, खपली धरलेली दिसली, तर आधी ठाणातला बिछाना बघा. कोपरावर गाठ आली किंवा मागच्या पायाच्या सांध्याला बाहेरून जखम झाली, तरी हेच. सकाळी घोड्याच्या कुशीला, पोटाला बिछान्याचे कण चिकटलेले दिसतात का, ते रोज बघत जा. दिसले तर रात्री तो झोपला.

आता नाकाचं. आडवा पडलेला घोडा तासभर जमिनीपासून वीतभर उंचीवरची हवा ओढतो. चारा खालून खात असेल तर त्याचं नाक त्याहून जास्त वेळ तिथेच असतं. मूत मुरलेल्या जागी जिवाणू मुतातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि तो जिथे तयार होतो तिथेच, म्हणजे खालीच, सर्वांत दाट असतो. उभ्या माणसाला त्याचा वास येत नाही, आणि जो रोज तिथेच वावरतो त्याचं नाक तर काही मिनिटांत मरतं. म्हणून पहाटे, दार उघडल्याउघडल्या, ठाणात उकिडवे बसा आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर घोडीला खोकला का, याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

उरलेलं अर्धं उत्तर धुळीत असतं. बुरशीचे बीजाणू आणि भुशाचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात, श्वासनलिका सुजतात, चिकट कफ साठतो. माणसाच्या दम्यासारखाच हा आजार आहे, आणि बंद ठाणात कोरड्या चाऱ्यावर राहणाऱ्या घोड्यांत तो फार दिसतो. पहाटे आणि काम सुरू करताना येणारा खोकला ही त्याची नेहमीची सुरुवात.

तुमच्या भुसकटात नेमकं हेच होतं. परदेशी पुस्तकांत गव्हाचं काड घोड्याला उत्तम म्हटलेलं असतं, पण ते लांब, अख्खं काड. आपल्याकडे मळणी यंत्रातून निघतो तो चुरा. तो गुरांना खायला चांगला. अंथरायला मात्र तो दबतो, धुरळा करतो, आणि पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेऊन पोत्यातच वास मारू लागतो. त्यामुळे भाव उतरला तरी परत भुसकटाकडे जाऊ नका असंच मी सांगेन. उलट विळ्याने कापून, पेंढ्या बांधून ठेवलेलं लांब काड कुठे मिळालं, तर ते मात्र जरूर घ्या.

बगॅसबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ऊसपट्ट्यात हा मोह प्रत्येकाला होतो. गाळपातून बाहेर पडतं तेव्हा बगॅसमध्ये जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं, आणि थोडी साखरही उरलेली असते. ओल, साखर आणि कारखान्याच्या आवारातला उंच ढीग, यातून ते आतून तापतं. अशा तापलेल्या ढिगात उष्णता आवडणारे सूक्ष्मजीव आणि बुरशा भरपूर वाढतात. जुनं, बुरसलेलं बगॅस हाताळणाऱ्या कामगारांना फुप्फुसाचा जो आजार होतो, त्याला वैद्यकात नावच बगॅसोसिस असं आहे. जी धूळ धडधाकट कामगाराचं फुप्फुस बिघडवते, ती आधीच खोकणाऱ्या घोडीच्या नाकाखाली रात्रभर ठेवायची नाही. पातळ पसरून कडक उन्हात पूर्ण वाळवलं आणि चाळून बारीक गर काढून टाकला, तर ताजं बगॅस वापरता येतं. पण त्यासाठी जागा, ऊन आणि माणसं लागतात, आणि तो खर्च धरला की स्वस्ताई राहत नाही. शिवाय गोडसर असल्याने घोडी ते खाते.

उसाचं पाचट तुमच्याच शेतात पडलेलं असेल. पात्याच्या कडा करकरीत असतात, डोळ्याला आणि कासेजवळच्या मऊ कातडीला ओरखडतात, आणि पाचट ओल शोषत नाही. ते शेतातच आच्छादन म्हणून राहू द्या.

भाताचं तूस हलकं, स्वस्त, आणि सुरुवातीला धूळही कमी वाटते. पण ते ओल धरत नाही, मूत सरळ खाली जातं. म्हणजे खाली निचऱ्याची मुरमाड जमीन असेल तर ते चालून जातं, सिमेंटवर नाही. त्यात सिलिका भरपूर, टोकं टोचरी, आणि भात भरडताना मागे राहिलेल्या कोंड्याच्या वासाने घोडा ते चाटत बसतो. हावरं जनावर असेल तर पोट बांधायची भीती. तुमचं तट्टू कसं आहे ते तुम्हाला माहीत. माझ्या अनुभवात तट्टं खाण्याला कधीच नाही म्हणत नाहीत.

वाळूला माझा स्पष्ट विरोध आहे. नदीची वाळू मऊ असते, निचरा छान होतो, दिसायलाही सुरेख. पण घोडा खाली सांडलेला दाणा आणि चारा वेचताना थोडीथोडी वाळू गिळतो, ती मोठ्या आतड्यात तळाला साठत जाते आणि एक दिवस पोटशूळ उभा राहतो. आधीच वाळूवर बांधत असाल तर पाच-सहा मुठी ताजी लीद पारदर्शक बाटलीत पाण्यात कालवून थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाला वाळूचा थर बसला तर पशुवैद्यांना आजच सांगा. थर दिसला नाही म्हणजे आतड्यात वाळू नाहीच असं मात्र समजू नका.

भुईमुगाची टरफलं नकोत. त्यांच्यावर वाढणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर जातं. कोकणातून येणारा नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला रोपवाटिकेवाले कोकोपीट म्हणतात, तो मात्र विचार करण्यासारखा आहे: ओल शोषण्यात त्याच्या जवळपास कुणी येत नाही आणि अमोनियाचा वासही तो दाबतो. अडचण अशी की धुतलेला नसेल तर त्यात मीठ असतं, अगदी कोरडा झाला की उडतो, आणि विटांच्या रूपात घेतला तर फुगवायला पाणी घालावं लागतं, मग वाळवण्याचा खटाटोप. मी तो फक्त मूत साठतं त्या मधल्या भागात, छिलक्याच्या खाली, पातळ थर म्हणून वापरतो.

आता लाकूड. वखारीतला करवतीचा भुसा आणि रंध्याचा छिलका या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पोत्यावर नाव एकच असलं तरी. करवतीचा भुसा बारीक, त्यामुळे धूळ जास्त. शिवाय तो ओल्या ओंडक्यांचा असला तर आठवड्यात पोत्यात बुरशी. छिलका मोठा आणि फुगीर, हवा खेळती राहते, चिमूट दाबली तरी स्प्रिंगसारखा वर येतो. घ्यायचा तो छिलका. तोही कोणत्या लाकडाचा आहे, हे विचारल्याशिवाय नाही.

फर्निचरच्या कारखान्यातला भुसा कधीही उचलू नका. त्यात प्लायवुड आणि एमडीएफचा चुरा असतो, म्हणजे फॉर्माल्डिहाइडचा गोंद. सागवान आणि शिसवीच्या धुळीने माणसांनाही कातडीची आणि श्वासाची ॲलर्जी होते. काळा अक्रोड हे अमेरिकेतलं झाड, आपल्याकडे उगवत नाही, पण महागड्या फर्निचरसाठी आयात होतं. त्याचा ताजा छिलका बिछान्यात थोडा जरी मिसळला, तरी एका दिवसाच्या आत घोड्याचे पाय तापतात, खुरांची आतली पकड सुजते, आणि तो जन्मभराचा लंगडा होऊ शकतो. ‘मिक्स लाकूड आहे साहेब’ असं विक्रेता म्हणाला की मी पुढे चौकशीच करत नाही.

पाइन मिळायची चांगली जागा म्हणजे यंत्रांच्या पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट बनवणारे कारखाने. भोसरी-चाकण भागात हा धंदा मोठा आहे आणि फलटणपासून टेम्पो एका दिवसात जाऊन येतो. नवीन लाकडाच्या कामातला छिलका मागा. जुन्या पॅलेटचा असेल तर त्यावरचा शिक्का बघायला सांगा: ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते ठीक. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते नको. आणि खिळे. पहिल्या खेपेत प्रत्येक पोत्यातून दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक फिरवा. खुराच्या तळव्यात घुसलेला एक खिळा घोड्याला महिनोन्महिने उभं ठेवतो.

मूठभर नमुना आधी मागवून तीन गोष्टी घरीच करून बघा. उन्हाच्या तिरिपेत दोन हातांनी तो वरून खाली सोडा, धूर किती उठतो ते दिसेल. मुठीत दाबून नाकाशी धरा. लाकडाचा वास आला पाहिजे, कोंदट किंवा आंबट नाही. मग एक किलो कोरडा माल जाळीच्या पिशवीत घालून रात्रभर पाण्यात बुडवा, टांगून निथळू द्या आणि परत वजन करा. चांगला छिलका किंवा काड कोरड्या वजनाच्या साधारण दोन-अडीचपट पाणी धरतं. दोन विक्रेत्यांच्या मालाची तुलना करायला याहून चांगली रीत मला माहीत नाही.

पेंढ्याचा पर्याय मी मागे ठेवला असला तरी तो कमी प्रतीचा नाही. भोर, मावळ, मुळशीकडे दिवाळीनंतर भाताचा पेंढा निघतो, लांब आणि मऊ. घोडी गाभण असेल तर विण्याच्या वेळी मी पेंढाच टाकतो, छिलका नाही, कारण छिलक्याचे कण ओल्या शिंगराच्या नाकाला आणि नाळेला चिकटतात. पेंढ्याची अडचण म्हणजे घोडे तो खातात, आणि जास्त खाल्ला तर तो आतड्यात अडकतो. ठाणात सोडण्याआधी पोटभर वैरण आणि पाणी द्या, पहिला आठवडा लिदीवर लक्ष ठेवा. लीद कोरडी, घट्ट, संख्येने कमी दिसू लागली की पेंढा काढा. आणि मागच्या पावसाळ्यातून गेलेल्या उडवीतला, मधोमध काळा पडलेला पेंढा घोडीच्या आसपासही नको.

रबरी मॅटबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे की मॅट घातली म्हणजे बिछाना लागत नाही. मॅट फक्त टणकपणा कमी करते. मूत ती शोषत नाही, आणि उघड्या ओल्या मॅटवर घोडा लघवी करायचंही टाळतो, पायांवर शिंतोडे उडतात म्हणून. मॅट 17-18 मिलिमीटर जाडीची घ्या, सांधे घट्ट बसवा, आणि महिन्यातून एकदा उचलून खालचा कोबा धुवा. कोब्याला दाराकडे दर दहा फुटांमागे दोन इंचांचा उतार नसेल तर आधी तो करून घ्या, मॅट नंतर. मॅटवर छिलक्याचा तीन-चार इंचांचा थर पुरतो. मॅट नसेल तर किमान सहा इंच, म्हणजे तुमच्या एका ठाणाला पहिल्या भरणीलाच 72 घनफूट माल लागेल. मॅटचे पैसे कुठे वसूल होतात ते यावरून कळतं.

रोजचं काम बिछान्याइतकंच महत्त्वाचं. एक घोडा दिवसाला साधारण 15 ते 20 किलो लीद आणि 5 ते 10 लिटर मूत टाकतो. लीद दिवसातून दोनदा उचला, ओला भाग रोज सकाळी तळापर्यंत काढा, आणि तिथला कोबा दुपारपर्यंत उघडा ठेवून वाळू द्या. जुन्यावर नवा थर चढवत जाण्याची पद्धत थंड, कोरड्या हवेत चालते, आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये नाही. झाडलोट करताना घोडी बाहेर असली पाहिजे आणि नंतर निदान अर्धा तास आत आणू नये, कारण त्या वेळी उडणारी धूळ दिवसभरातली सर्वांत जास्त असते.

वास मारायला अनेक जण बिछान्याखाली चुना भुरभुरतात. हे थांबवा. चुन्याने कातडी आणि खूर भाजतात, शिवाय चुना अल्कधर्मी असल्यामुळे ओल्या मुतातून अमोनिया आणखी जोरात बाहेर पडतो. वास कमी करायला चुना टाकला आणि वास वाढला, असं होतं ते यामुळेच.

ओला बिछाना कोपऱ्यात साठू देऊ नका, याला आणखी एक कारण आहे. घरातल्या माशीसारखी दिसणारी पण कडकडून चावणारी तबेल्यातली माशी अशाच मूत-लीद मिसळलेल्या काडात अंडी घालते. उकाड्यात अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. सर्रा हा घोड्याला खंगवून मारणारा रोग पसरवणाऱ्यांत ही माशी आहे. म्हणून ठाणाचा कोपरान् कोपरा आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा झाला पाहिजे, आणि उकिरडा ठाणापासून लांब, वारा ज्या दिशेला वाहून जातो त्या बाजूला हवा.

साठवणीचा निर्णय मे महिन्यातच घ्या. जून ते सप्टेंबर पुरेल एवढा छिलका पावसाआधी आणा आणि जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीला न टेकवता रचा. ठाणाच्या वर माळा करून तिथे वैरण किंवा बिछाना ठेवू नका, सगळी धूळ खाली घोड्यावर येते. आणि चारा विसरू नका: खाली स्वच्छ छिलका अंथरला आणि गव्हाणीत तेच धुळकट भुसकट राहिलं, तर खोकला जाणार नाही. सुकी वैरण देण्याआधी अर्धा तास पाण्यात भिजवा, निथळवा, आणि वाळायच्या आत खाऊ घाला.

पैशाचा हिशेब पोत्यावर करू नका. महिन्याला किती माल आत गेला, तो झाडायला किती मजुरी लागली, आणि बाहेर पडलेल्याचं काय झालं, हे तिन्ही मिळून बघा. काडाचं शेणखत वर्षभरात शेतात जातं, अळिंबीवालेही घोड्याची काडमिश्रित लीद आवडीने नेतात. छिलक्याचं तसं नाही. लाकडात कार्बन नायट्रोजनच्या 300 पटीहून जास्त असतो, गव्हाच्या काडात 80 पटीच्या आसपास. कच्चा छिलका उसात टाकला तर तो कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. त्यासाठी वेगळा खड्डा करा, थरांमध्ये गाईचं शेण आणि थोडा युरिया घाला, ओल राखा, दोन-तीनदा पालथा करा, आणि निदान वर्षभर कुजू द्या.

शेवटी घोडीचं. बिछाना आणि चारा दोन्ही बदलल्यावरही फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात, एवढा धीर धरा. पण पशुवैद्यांना दाखवायला तेवढं थांबू नका. खोकल्याबरोबर ताप असेल, जबड्याखाली गाठी असतील, नाकातून पिवळसर-हिरवट चिकट स्राव येत असेल किंवा कातडीवर ओळीने गाठी उठून फुटत असतील, तर हा बिछान्याचा विषय नाही. तो ग्लँडर्स असू शकतो, आणि हा माणसालाही होणारा, सरकारला कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. त्याचं निदान रक्ताच्या नमुन्यावरून होतं आणि देशातली मुख्य प्रयोगशाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात आहे. अशी लक्षणं दिसली तर घोडी वेगळी बांधा, तिच्याखालचा बिछाना आणि उरलेला चारा उघड्या हाताने उचलू नका, तट्टाला तिच्या बादलीतून पाणी देऊ नका, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. त्यांचा अहवाल येईपर्यंत तो बिछाना उकिरड्यावरही टाकायचा नाही.